जामीन कोण राहणार? टाइप कास्टिंगचा इतिहास

संगणकाच्या मेमरीत शेवटी फक्त बिट्स असतात. बत्तीस बिट्सचा एखादा गट म्हणजे पूर्णांक आहे, अपूर्णांक आहे, चार अक्षरे आहेत की मेमरीतल्याच दुसऱ्या जागेचा पत्ता आहे, हे त्या बिट्सकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. अर्थ बाहेरून लावावा लागतो. प्रोग्रामिंगची भाषा तो लावते आणि त्यालाच आपण टाइप म्हणतो. कंपायलर प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप ध्यानात ठेवतो आणि विसंगत व्यवहार अडवतो. पण कधी ना कधी अशी वेळ येतेच की प्रोग्रामरला कंपायलरपेक्षा जास्त माहीत असते, निदान त्याला तसे वाटते. 'तुझ्या लेखी हे नुसते वाहन असेल, पण हा ट्रक आहे. ट्रक म्हणूनच वागव,' असे तो बजावतो. हे बजावणे म्हणजे टाइप कास्टिंग. कर्जाच्या व्यवहारात एखादा जामीन राहतो तसा इथे प्रोग्रामर त्या ऑब्जेक्टच्या ओळखीला जामीन राहतो. कर्ज फिटले तर कोणी विचारत नाही. बुडाले की जामिनाची किंमत कळते.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत कास्टकडे बहुतेक वेळा डाग म्हणून पाहिले जाते. जिथे कास्ट दिसला तिथे रचना चुकली, असा तो सूर असतो. गेल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो असे मला वाटते. कास्ट हद्दपार करण्याचे जेवढे प्रयत्न झाले, त्यांत कास्ट नाहीसा झाला नाही. तो कुठेतरी आड गेला आणि आड गेल्यावर अधिक महाग पडला. खरी प्रगती झाली ती तीन प्रश्नांच्या उत्तरांत: प्रोग्रामरचा दावा उघड दिसतो का, तो कोण आणि केव्हा तपासतो, आणि खोटा ठरला तर पुढे काय होते. भाषांची पारख या तीन प्रश्नांवर करायला हवी. कास्ट किती कमी लिहावे लागतात, हा फारच वरवरचा निकष आहे.

त्याआधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. कास्ट या एकाच नावाखाली तीन वेगळी कामे चालतात. पहिले काम मूल्य बदलण्याचे: ३.७ या अपूर्णांकाचा पूर्णांक केला की ३ उरतो, बिट्स नवे होतात आणि माहिती थोडी गळते. दुसरे काम बिट्स तेच ठेवून अर्थ बदलण्याचे: जो आकडा होता तो आता पत्ता म्हणून वाचायचा. तिसरे काम खास ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांतले: ऑब्जेक्ट तोच, बिट्सही तेच, फक्त त्याच्याकडे क्लासच्या उतरंडीतल्या वरच्या किंवा खालच्या पायरीवरून पाहायचे. ट्रककडे वाहन म्हणून पाहणे म्हणजे वर जाणे, आणि ते नेहमीच सुरक्षित. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात आणि पुढे १९९४ मध्ये जीनेट विंग यांच्यासोबतच्या निबंधात हाच नियम काटेकोर केला: जिथे वाहन चालते तिथे ट्रक चाललाच पाहिजे. वाहनाकडे ट्रक म्हणून पाहणे म्हणजे खाली उतरणे. ते खरे असेल किंवा नसेल. वाहन बसही असू शकते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांतला सारा वाद या खाली उतरण्यावरून आहे. पण तो समजण्यासाठी पहिल्या दोन कामांचा वारसाही पाहावा लागतो, कारण पुढच्या भाषांनी तिन्ही एकाच लेखनचिन्हात कोंबली.

या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत आणि दोन्ही १९६७ च्या आसपास सुरू होतात. पहिला मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेचा. तिच्यात टाइपच नव्हते. प्रत्येक मूल्य म्हणजे यंत्राचा एक शब्द, एवढेच भाषेला ठाऊक. त्या शब्दावर बेरजेची क्रिया लावली तर तो आकडा, आणि पत्त्याची क्रिया लावली तर तो पत्ता. म्हणजे तिथे कास्ट नावाची गोष्ट नव्हती, कारण प्रत्येक क्रिया हाच एक मूक कास्ट होता. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी त्यावरून 'बी' ही भाषा बेतली. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले. त्यात प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता, त्यामुळे एक अक्षर आणि एक शब्द यांत फरक करणे भाग पडले. त्या गरजेतून डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात 'सी' घडवली. टाइप आले, पण ढिलेपणाने. सुरुवातीच्या सी कंपायलरला पूर्णांक आणि पॉइंटर यांची सरमिसळ चालत असे. ज्या यंत्रावर दोन्ही एकाच आकाराचे होते, तिथे कोणाचे काही बिघडतही नसे.

बिघडले ते १९७७-७८ च्या सुमारास, युनिक्स दुसऱ्या बनावटीच्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेताना. एका यंत्रावर योगायोगाने खऱ्या ठरलेल्या समजुती दुसऱ्यावर उघड्या पडल्या. याच काळात सीचे टाइपचे नियम आवळले गेले, स्टीव्ह जॉन्सन यांचे 'लिंट' हे संशयास्पद जागा हुडकणारे साधन आले, आणि १९७८ च्या कर्निघन-रिची पुस्तकात कास्टचे आज सर्वांना परिचित असलेले रूप छापले गेले: मूल्याच्या आधी कंसात टाइपचे नाव. कास्टच्या कल्पनेवर अल्गोल ६८ चा प्रभाव असल्याचे रिची यांनीच नोंदवले आहे. इथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. सीमध्ये स्पष्ट कास्ट आला तो सैलपणा वाढवण्यासाठी नव्हे. सैलपणा आधीपासूनच होता. कास्टने त्याला कागदावर आणले. तपासणी अजून कोणीच करत नव्हते. पण निदान 'इथे मी जामीन आहे' असे प्रोग्रामर लिहून देऊ लागला आणि ती जागा शोधता येऊ लागली.

दुसरा प्रवाह ऑस्लोचा. नॉर्वेच्या संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे दोघे प्रत्यक्ष जगातल्या रांगा, वाहतूक आणि उत्पादनव्यवस्था यांचे संगणकावर अनुकरण करण्यासाठी सिम्युला ही भाषा विकसित करत होते. टोनी होअर यांनी नोंदी आणि त्यांचे उपप्रकार यांविषयी मांडलेल्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांच्यासमोरचे एक उदाहरण पुलावरच्या टोलनाक्याचे होते: नाक्यासमोर वाहनांची रांग आहे आणि रांगेतले प्रत्येक वाहन ट्रक तरी आहे किंवा बस तरी. रांग चालवणाऱ्या कोडला वाहन कोणते याच्याशी देणेघेणे नाही. त्याला फक्त 'पुढचा कोण' हे हवे. पण नाक्यावर पोहोचल्यावर ट्रकचा भार आणि बसमधले प्रवासी हे वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. रांगेत सगळे सारखे आणि नाक्यावर वेगळे, या एकाच गरजेतून क्लास आणि उपक्लास आले. त्याच गरजेतून कास्टही आला, आणि इथे तो ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा जुळा भाऊ म्हणून जन्मला, हे विसरून चालत नाही. वेगवेगळ्या गोष्टी एका सामाईक नावाखाली ठेवण्याची सोय केली की त्यांना पुन्हा वेगळे ओळखण्याची सोय करावीच लागते.

सिम्युला ६७ ने ती सोय दोन रूपांत दिली. 'क्वा' हा शब्द वापरून प्रोग्रामर म्हणू शकत असे की या वाहनाकडे मी ट्रक म्हणून पाहतो आहे. प्रोग्राम चालताना भाषा स्वतः तपासत असे, आणि दावा खोटा निघाला तर काम तिथेच थांबत असे. दुसरे रूप 'इन्स्पेक्ट'चे. त्यात ऑब्जेक्ट पुढे ठेवायचा आणि सांगायचे की तो ट्रक असेल तेव्हा हे कर, बस असेल तेव्हा ते कर, आणि यांपैकी काहीच नसेल तर अमुक कर. प्रत्येक शाखेच्या आत ऑब्जेक्टचा नेमका टाइप भाषेला ठाऊक असे, म्हणून चुकीचा दावा करायला जागाच उरत नसे. वर सांगितलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे यात आहेत. दावा दिसतो, तपासणारी भाषा आहे, आणि 'नाही' या उत्तरासाठी वाट राखून ठेवलेली आहे. दाल आणि न्यूगार्ड यांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले ते क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पनांसाठी. 'इन्स्पेक्ट'चे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते. माझ्या मते तेही तितकेच मोठे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्या भाषांत व्हेरिएबलला टाइपच नसतो, त्यांत कास्टही नसतो. मग हा सारा प्रश्न टाइप लिहायला लावणाऱ्या भाषांनी स्वतःच निर्माण केलेला नाही का? झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अॅलन के आणि डॅन इंगल्स यांच्या गटाने १९७२ पासून घडवलेली स्मॉलटॉक ही या मताची सर्वांत भक्कम साक्ष. तिच्यात ऑब्जेक्टला संदेश पाठवायचा; त्याला तो समजला तर तो वागेल, नाही समजला तर 'समजले नाही' अशी ठराविक प्रतिक्रिया उमटेल आणि ती प्रतिक्रियाही प्रोग्रामरला हवी तशी घडवता येईल. कास्टचे चिन्ह कुठेच नाही. पण तपासणी गेली का? मुळीच नाही. ती प्रत्येक संदेशागणिक होऊ लागली. टाइप असलेल्या भाषेत दहा हजार ओळींत पंधरा ठिकाणी जो प्रश्न विचारावा लागतो, तो इथे प्रत्येक ओळीत विचारला जातो. स्मॉलटॉकने तीनपैकी दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली, हे मान्यच करायला हवे. तपासणारी भाषा आहे, आणि अपयशाला वाट आहे. फक्त दावा कुठे केला ते कोडमध्ये दिसत नाही, कारण तो सगळीकडेच आहे. प्रोग्राम लहान असताना हे मोकळेपण वाटते. शेकडो लोक वर्षानुवर्षे एकच कोड सांभाळू लागले की तेच अंधारासारखे वाटू लागते. म्हणूनच पुढे पायथन आणि जावास्क्रिप्ट या बिनटाइपच्या जगांतून टाइप लिहिण्याची मागणी उठली. २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आली, २०१५ मध्ये पायथनला टाइप लिहिण्याचे अधिकृत मॉड्यूल मिळाले, आणि दोन्ही ठिकाणी टाइपच्या पाठोपाठ कास्टही हजर झाला.

ऑस्लोचा प्रवाह आणि सीचा प्रवाह ज्यांच्या कामात एकत्र आले ते बियर्न स्ट्राउस्ट्रुप. केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना त्यांनी आपला सिम्युलेटर सिम्युलामध्ये लिहिला होता. विचार मांडायला ती भाषा उत्तम वाटली, पण मोठा प्रोग्राम चालवायला गती पुरेना आणि मेमरी आवरण्यातच बराचसा वेळ जाऊ लागला. अखेर तोच प्रोग्राम त्यांना बीसीपीएलमध्ये पुन्हा लिहावा लागला. त्यात गती मिळाली आणि संरक्षण गेले. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी जे काम सुरू केले आणि ज्याला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले, ते या दुहेरी अनुभवातून. सिम्युलातून त्यांनी क्लास घेतले, इनहेरिटन्स घेतला, व्हर्च्युअल फंक्शन्स घेतली. 'क्वा' आणि 'इन्स्पेक्ट' मात्र जाणूनबुजून सोडले. कारणही विचारपूर्वक होते: सिम्युलाचे प्रोग्रामर या सोयींचा अतिरेक करतात, जे काम क्लासच्या आत असायला हवे ते बाहेर 'हा असेल तर हे, तो असेल तर ते' अशा शिड्या रचून करतात, असे त्यांनी पाहिले होते. वाहनाला 'तुझा टोल किती' असे विचारले आणि ट्रकने आपल्या पद्धतीने, बसने आपल्या पद्धतीने उत्तर दिले, तर कास्टची गरजच काय?

हा दुसरा आक्षेप आणि सर्वांत वजनदार. कास्ट म्हणजे अपुऱ्या रचनेची कबुली, असा त्याचा अर्थ. क्लासची सगळी उतरंड जोवर एकाच हातात आहे तोवर तो पूर्णपणे खरा आहे, आणि नवशिक्याच्या कोडमधले बरेचसे कास्ट व्हर्च्युअल फंक्शनने निघून जातात हेही खरे. पण प्रोग्राम एकटा राहत नाही. ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवला आणि उद्या परत वाचला, तर तो कोणत्या क्लासचा आहे हे फाइल उघडल्यावरच कळते. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी वाहनाचा पॉइंटर परत देते. वाहनाच्या क्लासमध्ये नवे फंक्शन घालण्याचा अधिकार आपल्याला नसतो. बर्ट्रांड मेयर यांची आयफेल ही टाइपच्या बाबतीत अत्यंत करडी भाषा. तिच्यातही याच कारणासाठी 'करून पाहा' या स्वरूपाचे असाइनमेंट आणावे लागले: टाइप जुळला तर ऑब्जेक्ट मिळेल, नाही जुळला तर हातात रिकामे मूल्य येईल. शुद्धतेसाठी ख्यात असलेल्या भाषेने हे करावे, हीच मोठी साक्ष आहे. प्रोग्रामच्या सीमेवर टाइपची माहिती संपते, आणि जिथे माहिती संपते तिथे कोणीतरी जामीन राहावेच लागते.

सी प्लस प्लसच्या बाबतीत हे प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखे घडले. भाषेने सोय नाकारली, तेव्हा मोठ्या लायब्ररींनी ती आपापल्या परीने उभी केली. प्रत्येक क्लासमध्ये ओळखीचा एक आकडा किंवा नाव ठेवायचे, मॅक्रो लिहायचे, आणि कास्ट करण्याआधी ते तपासायचे. दोन लायब्ररींच्या पद्धती एकमेकांशी जुळत नसत. जिथे अशी पद्धत नव्हती, तिथे सीचा जुना कंसातला कास्ट होताच, आणि तो काहीही न विचारता होकार देत असे. म्हणजे तपासलेला कास्ट नाकारल्यामुळे न तपासलेला कास्ट वाढला. शेवटी स्ट्राउस्ट्रुप यांनी स्वतःच दिमित्री लेन्कोव्ह यांच्यासह प्रस्ताव मांडला आणि मार्च १९९३ मध्ये प्रमाणीकरण समितीने 'डायनॅमिक कास्ट' स्वीकारला. पॉइंटरवर तो चुकला तर रिकामा पॉइंटर मिळतो. रेफरन्सवर चुकला तर अपवाद फेकला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'स्टॅटिक', 'रीइंटरप्रेट' आणि 'कॉन्स्ट' अशी आणखी तीन कास्टची नावे मंजूर झाली. सीच्या एकाच कंसात कोंबलेली कामे अशी वेगळी केली गेली. ही नावे लांब आणि बोजड आहेत, आणि स्ट्राउस्ट्रुप यांनी त्याचे समर्थनच केले: धोक्याचे काम लिहितानाही खुपले पाहिजे आणि शोधताना झटकन सापडले पाहिजे. ज्याने सिम्युलाची सोय सोडली, त्यानेच चौदा वर्षांनंतर ती परत आणली. यात पराभव काहीच नाही. पुरावा पाहून मत बदलण्याचे हे धैर्य आहे.

जावाने वेगळी वाट निवडली. जेम्स गॉस्लिंग यांच्या नेतृत्वाखाली सन कंपनीत घडलेली आणि १९९५ मध्ये जाहीर झालेली ही भाषा अनोळखी ठिकाणाहून आलेले कोड ब्राउझरमध्ये चालवणार होती. तिथे प्रोग्रामरचा शब्द प्रमाण मानणे शक्यच नव्हते. म्हणून खाली उतरणारा प्रत्येक कास्ट यंत्राच्या पातळीवरच तपासला जातो. बाइटकोडमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे, आणि दावा खोटा ठरला तर 'क्लासकास्टएक्सेप्शन' उठते. हा केवळ नीटनेटकेपणा नव्हता. टाइपविषयी यंत्राची फसवणूक करता आली तर सुरक्षेची सारी कुंपणे ओलांडता येतात, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी १९९६ मध्येच दाखवून दिले. पण जावाच्या पहिल्या दशकात एक मोठी उणीव होती. यादी करायची तर ती फक्त 'ऑब्जेक्ट' या सर्वांत वरच्या क्लासची. ग्राहकांची नावे यादीत घातली की घालताना सगळे खुशाल वर जात, आणि बाहेर काढताना प्रत्येक नावासमोर कंसात 'स्ट्रिंग' लिहून खाली उतरावे लागे. शंभर जागी काढले तर शंभर कास्ट. कोणी चुकून त्याच यादीत तारखेचा ऑब्जेक्ट टाकला तर टाकताना कोणी हटकत नसे. आरोळी उठे ती काढताना, कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये आणि काही महिन्यांनी. तपासणी होती, पण उशिराची. आणि कास्ट इतके सवयीचे झाले होते की धोक्याची खूण म्हणून त्याला काही अर्थच उरला नव्हता.

मार्टिन ओडर्स्की, फिलिप वॉडलर, गिलाड ब्राचा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या जीजे या आराखड्यातून जेनेरिक्स आले आणि सप्टेंबर २००४ च्या जावा ५ मध्ये ते भाषेचा भाग झाले. 'नावांची यादी' असे लिहिता येऊ लागले आणि कंसातले ते शेकडो कास्ट पानांवरून पुसले गेले. इथे तिसरा आक्षेप उभा राहतो: मग कास्टचा प्रश्न सुटलाच की! जेनेरिक्सने जे साधले ते फार मोलाचे आहे; जिथे कंपायलरला खरोखर कळू शकत होते तिथे त्याला कळवण्याची वाट मिळाली, आणि चूक टाकतानाच पकडली जाऊ लागली. पण जुन्या कोडशी सलोखा राखण्यासाठी जावाने टाइपची ही माहिती भाषांतरानंतर पुसून टाकण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी कास्ट नाहीसे झाले नाहीत. कंपायलर ते स्वतः, न दिसणाऱ्या जागी घालतो. जुने आणि नवे कोड मिसळले की जिथे कोणी कास्ट लिहिलेलाच नाही अशा ओळीवर क्लासकास्टएक्सेप्शन उठू शकते. इतकेच काय, नादा अमीन आणि रॉस टेट यांनी २०१६ मध्ये दाखवले की कंपायलरची एकही तक्रार न येता आणि एकही कास्ट न लिहिता जावाच्या टाइप व्यवस्थेला चकवता येते. तिथेही अनर्थ टळतो तो यंत्रातली ती जुनी तपासणी शिल्लक आहे म्हणूनच. शिवाय दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे सांगणारे 'इक्वल्स' आजही कोणताही ऑब्जेक्ट स्वीकारते, आणि त्याच्या आत शिरताच 'तू माझ्याच जातकुळीचा का?' हा प्रश्न विचारावाच लागतो.

चौथा आक्षेप गतीचा. प्रत्येक दाव्याची तपासणी म्हणजे वेळ, आणि वेळ फुकट नसतो. याचे सर्वांत कठोर उत्तर ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून उडालेल्या आरियान ५ ने दिले. दिशा राखणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या आरियान ४ मधून घेतले होते. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जात असे, आणि १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. अशा धोक्याच्या सात व्हेरिएबल्सपैकी चारांना संरक्षण दिले होते; प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून तीन उघडी ठेवली होती. आरियान ४ च्या मार्गावर तो आकडा कधीच एवढा वाढत नसे. आरियान ५ चा आडवा वेग फार लवकर वाढला आणि उड्डाणाला चाळीस सेकंदही होण्याआधी अपवाद उठला. म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्या एडा भाषेत लिहिले होते, तिने चूक पकडली होती! पण पकडल्यावर काय करायचे याचे उत्तर 'यंत्रणा बंद करा' एवढेच होते, आणि राखीव यंत्रणा त्याच कोडमुळे क्षणभर आधीच बंद पडली होती. यानंतरचा टप्पा अधिक बोलका आहे. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाची माहिती देणारे बिट्स मुख्य संगणकाकडे पाठवले, आणि त्याने ते उड्डाणाचीच माहिती समजून वाचले. नसलेली चूक सुधारायला त्याने नॉझल टोकापर्यंत वळवले आणि यान फुटले. चौकशी मंडळाचा अहवाल वाचताना मला त्यात दोन कास्ट दिसतात. पहिला तपासला गेला, पण त्याच्या 'नाही'ला वाट नव्हती. दुसरा कोणी लिहिलाही नव्हता आणि कोणी तपासलाही नाही. एकाचे बिट्स दुसऱ्याने आपल्या समजुतीने वाचले. तपासणी महाग असेल, पण ती गाळण्याचा हिशेब ज्या गृहीतकावर केला, ते गृहीतक कोडसोबत प्रवास करत नाही, हा या अपघाताचा धडा आहे.

गतीचा मुद्दा अजूनही जिवंत आहे. ब्राउझरसारखे अवाढव्य सी प्लस प्लस प्रोग्राम वेगासाठी खाली उतरतानाही न तपासणारा 'स्टॅटिक कास्ट' वापरत आले, आणि त्यातून टाइपच्या गफलतीचे हल्ले वाढले. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये असे कास्ट चालत्या प्रोग्रामात तपासणारे साधन बनवले, तेव्हा फायरफॉक्स आणि ग्नूची प्रमाण लायब्ररी यांत मिळून आधी कोणाच्या नजरेस न आलेल्या ११ त्रुटी सापडल्या. जगातली निष्णात माणसे जे कोड रोज तपासतात, तिथे ही अवस्था. उलट एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने भाषेतला डायनॅमिक कास्ट जड म्हणून टाळला, पण कास्ट बिनतपासणीचा मात्र ठेवला नाही. प्रत्येक क्लासला ओळखीचा आकडा देऊन त्यांनी हलकी, स्वतःची तपासणी उभारली. गती आणि प्रामाणिकपणा यांत एकाचीच निवड करावी लागते, हा समज त्याने खोडून काढला आहे.

अलीकडच्या भाषांत जे घडले ते या युक्तिवादाला बळ देते. २०१६ च्या कोटलिनमध्ये 'हा ट्रक आहे का?' असे विचारून होकार आला की त्या शाखेत कंपायलर त्याला आपोआप ट्रक मानतो. मार्च २०२१ च्या जावा १६ ने तपासणी आणि नव्या नावाने ओळख या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणल्या. प्रश्न आणि कास्ट वेगळे लिहिले की त्यांच्यात चुकीला फट राहते. एकत्र लिहिले की ती बुजते. सिम्युलाने त्याच्या ५४ वर्षे आधी हेच केले होते. दुसरीकडे टाइपस्क्रिप्टमधला 'अॅज' आणि पायथनमधला 'कास्ट' प्रोग्राम चालताना काहीच तपासत नाहीत. ते फक्त तपासनिसाला गप्प बसवतात. त्यांची गरज मी समजू शकतो, पण नेटवर्कवरून आलेल्या माहितीवर असा कास्ट लावून पुढे जाणे म्हणजे १९७० च्या दशकातल्या सीकडे परत जाणे आहे. फरक एवढाच की आता कोडवर टाइप लिहिलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला खोटा दिलासा मिळतो.

म्हणून कोडचे परीक्षण करताना 'इथे कास्ट का आहे?' एवढ्यावर थांबू नये. कंपायलरला जे कळवता येण्यासारखे होते ते जेनेरिक्सने किंवा व्हर्च्युअल फंक्शनने कळवले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतरही उरलेला कास्ट असेल, तर तो प्रोग्रामच्या सीमेवर आहे का, दाव्याची तपासणी त्याच जागी होते का, आणि उत्तर 'नाही' आले तर कोडने काय ठरवले आहे, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त टाळला जातो, आणि आरियानची किंमत त्यातूनच मोजावी लागली. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतात त्याने कास्ट बेलाशक लिहावा. तो त्याच्या कारागिरीचा भाग आहे. ज्याला देता येत नाहीत, त्याने कास्ट न लिहिताही धोका पत्करलेलाच असतो, फक्त त्याच्या सहीशिवाय.